चार बोटांचा फरक

आत्या : ओढू नकोस गं तशी. ओढून शाल वाढते, अक्कल नाही.

लेक : मी नुसती धरलीय, आत्या. ओढतेयस तू.

आत्या : मी ओढत नाही, जुळवतेय. अख्खा जन्म लोकांचे ब्लाउज जुळवण्यात गेला माझा. एक खांदा वर, एक खांदा खाली, अशा बायकासुद्धा सरळ करून घरी पाठवल्यात. टाचण्या दे इकडे.

आई : टाचण्या नका लावू, ताई. लोकर उसकते.

आत्या : मग काय, थुंकी लावून चिकटवू? दिवा सरकव जरा. हां. आता बघ वहिनी, तूच बघ. खालचे काठ जुळवून ठेवलेत मी. या भागातली शेवटची कमान इथे संपते. आणि या दुसऱ्या भागातली कुठे निघाली? भाजी आणायला?

लेक : चार बोटं पुढे गेलीय.

आत्या : कुणाची चार बोटं?

लेक : तुझी. माझी पाच होतील.

आई : धुतल्यावर बसेल.

आत्या : धुतल्यावर दोन्ही भाग बसतील. फरक कुठे बसणार? आणि नुसती लांबी नाही, रुंदीपण बघ. हा भाग कसा आवळून बसलाय, पोट आत घेऊन फोटो काढल्यासारखा. आणि हा दुसरा ऐसपैस. मुळात मला हे सांगा, शाल दोन तुकड्यांत विणायची हौस कुणाची? एका टोकाला सुरू करून दुसऱ्या टोकाला संपवली असती तर ही भानगडच नव्हती.

लेक : मग अंगावर घेतल्यावर एका खांद्यावरच्या कमानी सरळ आल्या असत्या आणि दुसऱ्या खांद्यावरच्या डोक्यावर उभ्या. म्हणून दोन्ही टोकांकडून वर यायचं आणि मधे, पाठीशी, जोडायचं. नकाशा मी काढलाय. त्यामुळे अक्कल काढायची असेल तर माझी काढ.

आत्या : तुझी काढून कधीच संपली. वहिनी, सुया बदलल्या होत्यास का मधे?

आई : नाही. त्याच. तुम्ही दिलेल्या.

आत्या : कुठल्या, त्या लोखंडी?

आई : मी या घरात नवी होते तेव्हा दिल्या होत्यात ना, स्वयंपाकघरात बसून विणायला शिकवलंत तेव्हा. अजून त्याच.

आत्या : बरं. मग लोकर. दुसऱ्या वेळी वेगळी आणली असशील.

आई : दोन्ही रंग एकदमच आणले होते. विटकरी आणि हा चुन्याचा. पिशवी अजून तशीच आहे कपाटात. लोकरवाल्या बाई म्हणाल्या होत्या, पुढेमागे रंगात फरक पडतो, लागेल तेवढी आत्ताच न्या.

लेक : ओळीपण सारख्या आहेत. मी मोजतेय मघापासून. विटांचे थर इथे तेवढेच, तिथे तेवढेच. वर जाळीच्या खिडक्या तेवढ्याच. आईने एक वीट खाल्लेली नाही.

आत्या : काही न खाता एवढी फुगली मग?

लेक : फरक एवढाच की या घट्ट भागात चीर आहे. तिसऱ्या कमानीत, बघ. ही पांढरी रेघ अशी वाकडी वर गेलीय. पण तिने चार बोटं कमी नाही होणार.

आत्या : मला वाटलं चुकलंय ते. म्हटलं आता कशाला बोला, आधीच हिचं तोंड एवढंसं झालंय.

आई : चुकलेलं नाही. हे म्हणाले होते.

आत्या : भाऊ?

आई : हो. मी तिसऱ्या कमानीपर्यंत आले होते. खाटेच्या कडेला पसरून दाखवलं त्यांना, की बघा, तुमच्या नोकरीतलं पंपघर. वाटलं, बघणारही नाहीत. तर हात पुढे करून विटांवरून बोट फिरवलं. उठाव आहे ना, विटा लागतात हाताला, सांधे खोल लागतात. बराच वेळ फिरवत होते. मग म्हणाले, चीर. मला कळेचना. झटका आल्यापासून शब्द अर्धेच यायचे. चीर, चीर, आणि काठी आपटायला लागले खाटेच्या दांड्यावर.

लेक : मग मला ऑफिसात फोन. म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. तिसऱ्या कमानीला चीर आहे. आम्ही दुरुस्तीसाठी मापं घ्यायला गेलो तेव्हा मीच नोंदवली होती. आणि नकाशात मात्र गाळली, शालीत कशाला चिरा म्हणून.

आई : मग उसवलं तेवढं आणि घातली. परत दाखवली तर बघून घेतली आणि भिंतीकडे वळले. म्हणजे पसंत.

आत्या : पसंत असलं की भिंतीकडे. नापसंत असलं की काठी. लहानपणी काठी नव्हती, तेव्हा पाट आपटायचा. आई जेवायला वाढायची ते पाटाच्या आवाजावरून.

लेक : बाबांची अख्खी नोकरी त्या पंपांच्या धडधडीत गेली. आवाजाशिवाय काही सांगता येतं हे त्यांना माहीतच नसणार.

आत्या : वकिली नको. बरं, आता काय ते ठरवा. लोकरवाल्या बाई उद्या येणार ना शाल न्यायला?

आई : उद्या सकाळी. दुकानाच्या काचेत लावणार आहेत.

आत्या : मग सरळ आहे. हा दुसरा, सैल भाग उसवायचा. शेवटच्या दोन कमानी उसवून कमी केल्या तरी चालेल. आखूड तर आखूड.

लेक : कमानी कमी नाही करायच्या. एका बाजूला पाच आणि एका बाजूला तीन, असं पंपघर बाबांनी बघितलं तर परत येतील, काठी घेऊन.

आई : काहीतरी बोलू नकोस.

लेक : सॉरी. पण उसवायचा तर दुसराच भाग. पहिला ठेवायचा. बाबांच्या उशाशी विणलेला आहे, त्यांचा हात लागलाय त्याला.

आत्या : तेच म्हणतेय मी. आजच्या आज होणार नाही, पण बाईंना सांगू, आणखी थोडे दिवस. चल, टोक शोध. दोन रंगांचं आहे, एकटीने उसवलं तर गुंता करशील. एक रंग मी घेते, एक तू घे.

आई : थांबा ना जरा.

आत्या : कशाला थांबायचं?

आई : उसवून परत विणलं तरी तेच होईल. परत चार बोटं जास्तच येईल.

आत्या : का बरं? लोकर तीच, सुया त्याच, नकाशा तोच. बाई बदलली का?

लेक : आई, एक ओळ विण बरं.

आई : आत्ता?

लेक : आत्ता. या सैल भागावर. टाके सुईवरच आहेत ना? विण. बघायचंय मला.

आत्या : आता हिला शिकवणार तू? स्वतःच्या कुर्त्याचं बटण लावायला माझ्याकडे येतेस.

लेक : शिकवत नाही गं. गप्प बस आणि ऐक.

आत्या : विणकाम ऐकायचं?

लेक : हो. ऐक. येतंय का ऐकू?

आत्या : काय? सुया वाजतायत. सुया वाजणारच. लोखंडाच्या आहेत.

लेक : बाबांच्या खोलीत वाजायच्या?

आत्या : ...नाही बाई. खरंच की. मी शेजारच्या खोलीत पडलेली असायचे. खाटेचा आवाज यायचा, काठीचा यायचा. सुयांचा नाही आठवत.

आई : त्यांना खपायचा नाही तो आवाज. पहिल्या दिवशी सुया लागल्या एकमेकींना आणि काठी आपटली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी म्हटलं, विणणं सोडावं. पण त्या खुर्चीत दिवसभर नुसतं बसून मी करू काय? उठलं की हाक, बसलं की झोप. मग जमवलं.

आत्या : काय जमवलं?

आई : न वाजवता विणायचं. हे असं. कोपरं अंगाशी घट्ट धरायची. धागा बोटाला दोनदा गुंडाळायचा. आणि टाका सुईने नाही ढकलायचा, अंगठ्याने ढकलायचा, म्हणजे टोकाला टोक लागत नाही. सवय झाली मग. अंधारातसुद्धा यायचं. दिवाही नकोच असायचा त्यांना दुपारचा.

लेक : म्हणून तुझ्या अंगठ्याला तो घट्टा होता.

आई : गेला तो आता.

आत्या : वहिनी, तू मला कधी बोलली नाहीस.

आई : यात बोलण्यासारखं काय आहे? आजारी माणूस. त्याला त्रास होतो तर आपण बघायचं. तुम्ही काय कमी केलंत? अंथरूण-पांघरूण तुम्हीच धुवायचात.

आत्या : ते धुणं. धुण्याला आवाज केलेला चालतो.

लेक : म्हणजे रहस्य उलगडलं. पहिला भाग मुका आणि दुसरा बोलका.

आत्या : छान. आता उपाय ऐक. दुसरा भाग उसवायचा आणि तस्साच विणायचा, कोपरं अंगाशी धरून. बसेल मापात. तुला येतंय, तूच म्हणालीस आता, अंधारात येतं.

आई : नाही.

आत्या : नाही म्हणजे? नाही येत?

आई : केला होता प्रयत्न. मागच्या आठवड्यात माझ्याच लक्षात आलं, भाग मोठा होतोय म्हणून. तुम्ही दोघी घरात नव्हता. यांच्या खोलीत गेले. त्याच खुर्चीत बसले, खाटेकडे तोंड करून. म्हटलं, इथे बसल्यावर हात आपोआप तसा चालेल. दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीला हात भरून आला, इथून पार खांद्यापर्यंत. सुया ठेवल्या आणि खिडकी उघडली.

आत्या : ती खिडकी तू उघडलीस होय? मला वाटलं वाऱ्याने.

आई : कडी लागते तिला. वाऱ्याने कशी उघडेल?

आत्या : मी आपलं तसंच समजून घेतलं.

लेक : आई, मग लोकरवाल्या मावशींना काय सांगायचं? त्या नुसती शाल न्यायला नाही येत. त्यांना तुझं उत्तर हवंय क्लासचं.

आत्या : कसला क्लास?

लेक : ...मला वाटलं, तू आत्याला सांगितलं असशील.

आत्या : कसला क्लास, वहिनी?

आई : काही नाही हो. त्यांच्या दुकानाच्या मागे खोली आहे एक. दुपारी बायका येतात शिकायला. त्यांच्या शिकवणाऱ्या बाई गाव सोडून गेल्या. तर लोकरवाल्या बाई म्हणाल्या, तुम्ही या. शाल काचेत लावू, खाली लिहू, शिकवणारीच्या हातची. मी म्हटलं, शाल पुरी झाली की सांगते.

आत्या : कधीची गोष्ट?

आई : झाले बरेच दिवस.

आत्या : आणि शाल काही पुरी होईना.

आई : होत आली होती ना. पण आता हा फरक निघाला. म्हटलं, बरंच झालं. सांगायला कारण मिळालं.

आत्या : लेकीला माहिती, दुकानदारणीला माहिती. मी कोण? भाडेकरू?

आई : असं का बोलता ताई? तुम्हाला काय वाटेल, म्हणून नाही बोलले.

आत्या : काय वाटेल मला?

आई : तुमचा भाऊ होता तो. एवढ्यातच ही बाहेर पडली, रोज दुपारी, नीट साडी नेसून, हसायला-बोलायला. तुम्हाला लागलं असतं. लागायलाच हवं.

आत्या : हं.

लेक : आत्या, रागावलीस?

आत्या : थांब गं, विचार करतेय. वहिनी, मागच्या मंगळवारी मी बँकेत गेले होते, आठवतंय?

आई : हो. तीन तास लागले तुम्हाला. मी जेवण झाकून ठेवलं होतं.

आत्या : बँकेत नव्हते गेले. सिनेमाला गेले होते.

लेक : तू?

आत्या : का, मला डोळे नाहीत? एकटीच गेले. कसला सिनेमा होता तेही धड कळलं नाही, दोन माणसं सारखी गाडीतून पळत होती. मध्यंतरात दिवे लागले आणि मी सवयीने पर्स घेऊन उठले. म्हटलं, चला, खूप उशीर झाला, वहिनी एकटी आहे, भाऊला कुशीवर वळवायचं असेल. दारापर्यंत आले आणि आठवलं, कुणाला वळवायचं नाहीये. कुणी वाट बघत नाहीये. तिथे उभ्याउभ्या रडले. डोअरकीपर म्हणाला, मावशी, बरं वाटत नाही का?

आई : मग?

आत्या : मग पॉपकॉर्न घेतलं आणि आत जाऊन बसले. मोठं घेतलं.

लेक : आत्या, बाई गं.

आत्या : हसू नको. दोन दिवस तुझ्या आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं मला. सख्खा भाऊ, लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेला, आणि मी मोठं पॉपकॉर्न घेते.

लेक : मी पण हल्ली ऑफिसातून थेट घरी येते.

आई : बघतेय मी. पूर्वी रोज काम असायचं तुला उशिरापर्यंत.

लेक : काम नसायचं, आई. सगळे गेले की मी टेबलाशी बसून राहायचे. कधी पेन्सिली तासायचे. तुझं पंपघरही तसंच काढलंय मी, घरी यायला नको म्हणून. एकेक वीट. नाहीतर शालीच्या नकाशात कुणी एवढ्या विटा काढतं का?

आत्या : तरीच हिच्या पेन्सिली एवढ्याएवढ्याशा.

आई : मला वाटायचं, पोरीला किती राबवून घेतात.

लेक : माहितीय. तू मला गरम जेवण करून वाढायचीस आणि मला ते गिळायचं नाही.

आत्या : लोक येऊन बसायचे तेव्हा सगळे एकच म्हणायचे. सुटले बिचारे. किती हाल होत होते, सुटले. मी मान हलवायचे.

लेक : मी पण.

आई : मी पाणी आणायला आत जायचे. त्यांनी ते म्हटलं की उठायचेच मी. वाटायचं, इथे बसले तर माझ्या तोंडावर दिसेल काहीतरी.

आत्या : पाण्याचे ग्लास फार यायचे खरे. लोक पिऊन पिऊन दमले.

(तिघी हसतात. मग हसू ओसरतं. आई घट्ट विणलेला भाग मांडीवर घेते, तिसऱ्या कमानीतल्या चिरेवरून बोट फिरवते.)

आई : आठवण येत नाही असं नाही हो, ताई. चहा टाकताना अजून एक कप पाणी जास्त पडतं. परवा रस्त्यात कुणाची तरी काठी वाजली तर मी पिशवी खाली ठेवून वळले. येते आठवण. मी काही दगडाची नाही.

आत्या : कोण म्हणतंय तू दगडाची?

आई : हा भाग उसवायचा. पहिला.

लेक : आई. बाबांच्या उशाशी विणलेला?

आई : तोच.

आत्या : नीट विचार कर. चीर जाईल त्याच्यात. भाऊने सांगितलेली.

आई : ती परत विणीन. जिथे आहे तिथेच, तशीच वाकडी. तेवढी त्यांची आहे. पण बाकी हे जे आवळलेलं आहे ना, हात लावून बघा, पुठ्ठ्यासारखं लागतं. हे अंगावर घेतलं तर ऊब नाही येणार कुणाला. हे माझं आहे आणि मला नको आहे ते. दुसरा भाग आहे तसा राहू दे. त्याच्या मापाने पहिला विणते.

लेक : आणि उद्या मावशी आल्या की?

आई : सांगायचं, शाल लांबली. काचेत आणखी महिनाभर दुसरं काहीतरी लावा. पण मी सोमवारपासून येते म्हणावं शिकवायला.

आत्या : त्या बाई चौकस आहेत. विचारतील. आणि त्यांनी नाही विचारलं तर वर्गातली एखादी विचारेल, एवढ्यात कशा बाहेर पडलात म्हणून.

आई : विचारू दे.

आत्या : काय सांगशील?

आई : तुमच्यासमोर सांगता आलं तर कुणालाही सांगता येईल.

आत्या : सांग मग. मी कुठे पळून चाललेय.

आई : हे गेल्यापासून मला बरं वाटतंय, ताई.

आत्या : विटकरी टोक सापडलंय मला. पांढरं तू धर.